कपडे हल्ली मळत नाहीत

"आपा, मी जुन्या नाशकात राहतो. अंबडच्या एका कारखान्यात ११ वर्षं सीएनसी मशीनवर होतो. ३ महिन्यांपूर्वी ठेकेदाराने माणसं कमी केली, त्यात मीही गेलो. घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी ६ वाजता डबा घेऊन निघतो, गोल्फ क्लब मैदानावर बसतो, दुपारी जोहरच्या नमाजनंतर असरच्या नमाजपर्यंत मशिदीतच थांबतो. अंबडला जात नाही, ओळखीचे भेटतात. ७ तारखेला दोस्ताकडून उसने घेऊन पगार म्हणून घरी देतो. ६० हजार झालेत. एका बुजुर्गांनी कर्ज फिटून काम लागावं म्हणून सकाळी पढायची दुआ दिली, 'अल्लाहुम्मा इन्नी अऊजु बिका मिनल हम्मि वल हजन'. फजरनंतर १०१ वेळा पढतो, फरक नाही. उच्चार चुकतो का? की आकडा चुकतो? बायको भोळी आहे, तिला यातलं काही कळत नाही. परवा म्हणाली, कपडे हल्ली मळत नाहीत तुमचे. मी म्हटलं, नवीन मशीन आलंय."

भाऊ,

उच्चाराचं राहू द्या. परवा तुमची बायको काय म्हणाली ते पुन्हा वाचा.

११ वर्षं तिने तुमचे कपडे धुतलेत. कूलंटचा वास, बाहीला लागलेलं तेल, खिशाच्या शिवणीत अडकलेला लोखंडाचा कीस, हे सगळं तिच्या बोटांना पाठ आहे. ३ महिने त्या शर्टांना नुसत्या घामाचा वास येतोय. आणि तुम्ही तिला भोळी म्हणता? तिला माहीत आहे, भाऊ. निदान एवढं तरी नक्की की तुम्ही मशीनवर नाही. तिने तुम्हाला चारचौघांत पकडलं नाही, सासरी-माहेरी सांगितलं नाही. कपड्यांचं निमित्त करून विचारलं, म्हणजे तुम्हाला बोलता यावं. तुम्ही तिच्या तोंडावर नवीन मशीन आणून उभं केलंत.

तुम्ही पढता त्या दुआमागे एक प्रसंग आहे, तो बुजुर्गांनी सांगितला की नाही कोण जाणे. सुनन अबू दाऊद या हदीसच्या संग्रहात तो आहे. रसूलुल्लाह, म्हणजे पैगंबर, एकदा मशिदीत आले, तर अबू उमामा नावाचे मदिनेचे अन्सारी तिथे बसलेले दिसले. रसूलुल्लाहांनी विचारलं, नमाजची वेळ नसताना तू इथे का बसलायस? तुम्हीही जोहर ते असर असेच बसता. अबू उमामांनी सरळ सांगितलं: चिंतांनी घेरलंय, कर्ज झालंय. दुआ त्यानंतर शिकवली गेली. सकाळी आणि संध्याकाळी पढ, एवढंच त्यात आहे. १०१ चा आकडा कुठेच नाही. अबू उमामा सांगतात, तसं केलं आणि अल्लाहने माझी चिंता दूर केली, कर्ज फेडलं. पण विचारल्यावर ते 'काही नाही, सहज बसलोय' म्हणाले असते तर?

तुम्हाला तोच प्रश्न तुमच्या बायकोने विचारला.

दुआचा अर्थही एकदा बघा. त्यात नोकरी नाही, रिझ्क, म्हणजे रोजी, हा शब्दसुद्धा नाही. आठ गोष्टींपासून पनाह मागितली आहे, जोडीजोडीने: चिंता आणि दुःख, दुबळेपणा आणि आळस, भित्रेपणा आणि कंजुषी, कर्जाचं ओझं आणि माणसांची दडपशाही. कर्ज शेवटच्या जोडीत येतं. त्याच्या आधी 'जुब्न' येतो, भित्रेपणा. रोज १०१ वेळा त्यापासून पनाह मागता आणि ६ वाजता त्यालाच डब्यासोबत घेऊन बाहेर पडता. ते ६० हजार कशाने झाले? काम गेलं म्हणून सगळे नाही झाले. खोटा पगार द्यावा लागतो म्हणून झाले. तिला माहीत असतं तर पहिल्याच महिन्यात तिने खर्चाला हात आखडता घेतला असता. आणि अंबड! ११ वर्षांचा सीएनसीचा हात असलेला माणूस जिथे काम मिळेल नेमका तोच भाग टाळून मैदानावर बसतो, कारण कुणी ओळखेल. मला याचा राग येतो, आणि तुमच्यासाठी जीवही तुटतो. ३ महिने एवढं एकट्याने वाहायचं म्हणजे काय, ते कळतं मला.

आज इशानंतर, मुलं निजली की तिच्यासमोर बसा. प्रस्तावना नको. 'कपडे का मळत नाहीत ते सांगतो' असं म्हणा आणि दोस्ताच्या पैशांसकट सगळं सांगा. रडेल, चिडेल, दोन दिवस बोलणारही नाही कदाचित. ऐकून घ्या. मध्येच ठेकेदाराचं गाऱ्हाणं लावू नका.

उद्या फजरनंतर दुआ पढा, एकदाच, अर्थ मनात ठेवून. मग मैदानाकडे न वळता पहिल्या शिफ्टच्या वेळेला अंबडला जा आणि जुन्या कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहा. ओळखीचा जो पहिला भेटेल त्याला सांगा, काम सुटलंय, कुठे ऑपरेटर हवा असेल तर बघ.

तुमची आपा