पळसाचं एक फूल घे, बाकी राहू दे

अगं, तुझा मेसेज वाचला, वसंतावर ॲब्स्ट्रॅक्ट नक्षी काढायचीय म्हणतेस, फोटो पण पाहिले. रेघ चांगली आहे तुझी, हात थरथरत नाही, पण ते ट्युलिप आणि चेरी ब्लॉसम कुठून आले? राहतेस पुण्यात, खिडकीतून काटेसावर दिसते असं तूच मागे म्हणालीस, आणि वहीत बघावं तर सगळा वसंत पिंटरेस्टवरचा.

मी काही वेगळं केलं नव्हतं म्हणा. पहिल्यांदा पळस काढायला बसले ती अख्खी फांदी, सगळी फुलं, शेडिंग बिडिंग, आणि नवरा म्हणाला, पोपट छान आलेत! आता संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?", त्यामुळे त्याचं फार काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एकच फूल हातात घेऊन बसले. खाली काळपट, मखमलीसारखी वाटी आणि तिच्यातून निघालेली नारिंगी वाकडी चोच. दोन आकार, बास. मग पानभर तेच काढलं, एका ओळीत चोच डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे, आणि प्रत्येक ओळ विटा रचतात तशी अर्ध्याने सरकवलेली. त्यात पळस कुणाला दिसला कुणाला नाही, आणि ज्यांना नाही दिसला ते पण बराच वेळ बघत बसले, मला तर तेच जास्त आवडलं.

ॲब्स्ट्रॅक्ट शब्दाला घाबरू नकोस, आपल्या आज्या पण हेच करायच्या की. चैत्रांगण आठव, चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात काढतात ती रांगोळी. त्यातल्या गोपद्मात गाय कुठे असते? खुराचा ठसा तेवढा. कासव म्हणजे एक गोल, चार पाय, एक डोकं, आणि तरी कुणी विचारत नाही हे काय काढलंय म्हणून. तू पण पळसाचं पान घेऊन बघ, पाने तीनच, तेवढ्या तीन गोलांचे किती प्रकार होतात ते मोज.

सामानावर आत्ता पैसे घालू नकोस. ०.३ आणि ०.८ चे दोन काळे फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाची शाईची पेनं, आण आणि २०० जीएसएमचा जाड कागद. पेनावर वॉटरप्रूफ लिहिलंय का ते मात्र बघ, मी एकदा न बघता घेतला, वरून वॉटरकलर फिरवला आणि तीन संध्याकाळचं काम राखाडी चिखल. कागदाचे तळहाताएवढे चौकोन काप, झेंटँगलवाले, म्हणजे छोट्या चौकोनात रेघांची नक्षी भरणारे, ३.५ इंचाचा वापरतात ना तेवढे, एका बैठकीत संपतात. मोठा कागद घेतला की अर्ध्यात कंटाळा येतो आणि तो अर्धा कागद वर्षभर कपाटातून आपल्याकडे बघत राहतो. पेन्सिलने हलक्या हाताने चौकटी आखून घे, शाई पूर्ण वाळली की खोड, घाई केलीस तर फासणार. तिसऱ्या ओळीत एखादी चोच जाडी झाली तर खोडाखोड नको, अजून दोन ठिकाणी मुद्दाम जाडी कर, मग ती चूक राहत नाही, डिझाइन होते :)

रंग एक, फार तर दोन. कुसुंबाच्या झाडाची पालवी आधी लालभडक येते मग हिरवी होत जाते, तर एकाच पानाचा पट्टा काढून डावीकडून लाल सुरू कर आणि उजवीकडे पोचेपर्यंत हिरवा होऊ दे. मधली चार पानं अवघड जातात, ना धड लाल ना हिरवी, तांबूस तपकिरी असं काहीतरी, तिथे खरी मजा आहे. आणि मधे मधे कागद पांढरा सोड गं, तुझ्या फोटोत श्वास घ्यायला जागा नाही.

रविवारी टेकडीवर जाशील तेव्हा झाडाखाली पडलेलंच फूल उचल आणि उलटं करून नीट झटक, मी न झटकता पर्समधे टाकलं होतं, बसमधे कंडक्टरला सुट्टे पैसे दिले त्यासोबत मुंग्या पण दिल्या.

तुझी,
मावशी