महिनाभराच्या कोर्सने एडिटर होता येतं का?

बीकॉम झालंय, घरी रील्स एडिट करताय, आणि पुण्यात महिनाभराचा एडिटिंगचा कोर्स केला तर मुंबईत मालिकांमध्ये काम मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मालिकांच्या एडिटवर आहे, नवी मुलं हाताखाली येत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम मिळू शकतं, पण असिस्टंटचं. तेवढ्यासाठी छोटा कोर्स पुरतो. फक्त तिथून काय घ्यायचं हे ठरवून जा.

निव्वळ सॉफ्टवेअर शिकायला पैसे भरू नका. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती उतरवून घ्या. ट्रिम, टाइमलाइन, शॉर्टकट हे सगळं घरी बसून हातात बसतं. कोर्समध्ये दोनच गोष्टी मिळायला हव्यात: दुसऱ्या कुणीतरी शूट केलेले कच्चे रशेस (न कापलेलं चित्रण), आणि तुमचा कट सगळ्यांसमोर लावून त्याची चिरफाड करणारा शिक्षक. रील तुम्हीच शूट करता, त्यामुळे कुठला शॉट कशासाठी घेतला हे आधीच डोक्यात असतं. मालिकेत एका सीनचा मास्टर (अख्खा सीन दाखवणारा रुंद शॉट), दोघांचे क्लोज, ओव्हर द शोल्डर (एकाच्या खांद्यावरून दुसरा दिसणारा शॉट) आणि प्रत्येकाचे दोन-तीन टेक पुढ्यात येतात. त्यातून सीन शोधायचा असतो.

समजा, घर सोडून निघालेल्या मुलाला आई म्हणते, "जाणारच असशील, तर जेवून जा." नवा माणूस जो बोलतोय त्याच्यावरच राहतो. आईचं वाक्य संपलं की मुलगा, त्याचं संपलं की पुन्हा आई. गोष्ट कळते, पण आत काही हलत नाही. आता "जाणारच असशील" आईवर ठेवा आणि "तर जेवून जा" मुलाच्या चेहऱ्यावर ऐकू द्या. चित्र मुलाचं, आवाज आईचा. याला एल कट म्हणतात आणि ही व्याख्या कुठल्याही व्हिडिओत मिळेल. पण मुलाची नजर बॅगेवरून उठायच्या आधी कट घ्यायचा की उठल्यावर? आपल्याकडे टीव्हीच्या सेकंदात २५ फ्रेम असतात. त्यातल्या पाच-सहा इकडे-तिकडे झाल्या, तर आत्ता विरघळणारा मुलगा आधीच विरघळलेला वाटतो. हे पुन्हा पुन्हा कापून, दुसऱ्याला दाखवूनच कळतं. म्हणून तो चिरफाड करणारा शिक्षक महत्त्वाचा.

पुण्यात आहात तर एफटीआयआयची, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटची, चौकशी कराच. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली ही संस्था. तिथले चित्रपट संकलनाचे तीन वर्षांचे आणि टीव्ही संकलनाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम प्रवेश परीक्षेतून मिळतात. शिवाय २०१७ पासून संस्था ठिकठिकाणी छोटे अभ्यासक्रमही घेते. वर्षभर काढणं जमणार असेल, तर मी एक वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायला सांगेन. तिथे चित्रपट पाहण्याची आणि त्यावर बोलण्याची जी सवय लागते, ती महिनाभरात लागणं शक्य नाही.

आता असिस्टंटच्या कामाविषयी, कारण हे कोर्समध्ये सहसा शिकवत नाहीत. पहिले काही महिने तुम्हाला कट करायला देणारच नाहीत. सेटवरून आलेली कॅमेऱ्याची मेमरी कार्डं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायची, कॉपी नीट झाली का तपासायचं, मगच कार्ड रिकामं करायचं. प्रॉक्सी (एडिटसाठी हलक्या फाइल्स) बनवायच्या, टेकच्या सुरुवातीला वाजवलेल्या क्लॅपवर आवाज आणि चित्र जुळवायचं, कंटिन्युइटी शीट (सेटवर लिहिलेली शॉट-टेकची नोंद) पाहून सीन-शॉट-टेकप्रमाणे लाइनअप लावायचा, म्हणजे सगळे शॉट क्रमाने मांडायचे. रोज एक एपिसोड चॅनेलला जायचा असतो, त्यात एक क्लोज सापडेना म्हणून अख्खा एडिट खोळंबतो. ज्याच्या लाइनअपमध्ये शॉट लगेच सापडतो, त्याच्यावर एडिटरचा विश्वास बसतो, आणि मग एखाद्या रात्री "हा सीन तू लावून ठेव" असं ऐकायला मिळतं.

कोर्सची फी भरण्याआधी त्यांना विचारा: सराव कुठल्या रशेसवर करून घेता, माझे किती कट तुम्ही बसून बघणार, आणि शिकवणारा माणूस सध्या एडिटवर काम करतोय का? उत्तरं इथे टाका, मग त्या कोर्सबद्दल नेमकं बोलता येईल.