पुस्तक हातावेगळं करू नकोस

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. वर्षभरात 41 पुस्तकं, प्रत्येकापुढे संपवल्याची तारीख. आणि खाली तो एक वाक्याचा प्रश्न: "यातलं मला काहीच आठवत नाही, मग वाचून उपयोग काय?"

वाचन चांगलं असतं वगैरे तुला सांगत बसणार नाही. तुला ते माहीत नसतं तर तू विचारलंच नसतंस. पण यादीच्या वर तू एक शब्द लिहिला आहेस, त्यावर माझा राग आहे. "हातावेगळी केलेली पुस्तकं." आपल्या भाषेत काम हातावेगळं करतात. वीजबिल भरलं, अर्ज दिला, सुटलो. पुस्तक हातावेगळं केलंस तर ते हातातून जाणारच, मग डोक्यात राहिलं नाही म्हणून कुरकुर कशाला? एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय: पुस्तक दुसऱ्यांदा वाच. बाकी सगळं त्या एका गोष्टीसाठीचं सामान आहे.

वेळ नाही म्हणशील, तर आधी हिशेब घे. नेहमीच्या मराठी कादंबरीच्या पानावर साधारण 30 ओळी, ओळीत नऊ-दहा शब्द, म्हणजे पानाला 280 धर. 320 पानांचं पुस्तक झालं नव्वद हजार शब्दांचं. मिनिटाला 180 शब्दांनी वाचलंस तर साडेआठ तासांच्या आत संपतं. (तुझा वेग माझ्यावर विश्वास ठेवून धरू नकोस. घड्याळ लावून दहा मिनिटं वाच आणि ओळी मोज.) 41 पुस्तकांना असे जवळजवळ साडेतीनशे तास लागले, म्हणजे रोजचा जवळपास तास. तेव्हा वेळ तुझ्याकडे आहे, फक्त तो सगळा नव्यावर जातो. तेवढ्याच तासांत 25 नवी आणि 16 जुनी बसतात. आकडा तोच राहील, हवं तर यादीही ठेव.

आता नीट वाच, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. दुसऱ्यांदा वाचायचं म्हणजे संपल्या संपल्या परत पहिल्या पानापासून सुरू करायचं नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन छोटे उतारे वाचायला दिले. एक उतारा त्याने लगेच पुन्हा वाचला, दुसऱ्यातलं कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा पुढे होता, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने तपासलं तर पारडं उलटलं: पुन्हा वाचलेल्यातलं 42 टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं 56. लगेच परत वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजे आठवण अशी आपली फसगत होते. रस्त्यात चेहरा ओळखीचा वाटावा आणि नाव काही केल्या आठवू नये, तसं.

म्हणून क्रम असा ठेव. पुस्तक संपलं की दुसऱ्या दिवशी, पुस्तक न उघडता, वहीत अर्धं पान लिही. परीक्षण नको, पुस्तक आवडलं की नाही तेही नको. काय घडलं, कोण काय म्हणालं, कुठे अडलं एवढंच. आठवलं नाही तिथे रेघ ओढून जागा मोकळी सोड. मग पुस्तक कपाटात. वैचारिक किंवा माहितीपर असेल तर दीड-दोन महिन्यांनी काढ, कादंबरी असेल तर वर्षाने. हे अंतर माझ्या सवयीचं आहे, तुझं वेगळं निघेल. पण मधे विसरायला अवधी हवाच. थोडं विसरल्याशिवाय दुसरं वाचन दुसरं होत नाही.

41 मधून सुरुवातीला चारच निवड. निवडायची रीत सांगतो. यादी समोर ठेव, प्रत्येक पुस्तकाला दोन मिनिटं, तीन वाक्यं लिही. तीन ढीग पडतील. काहींबद्दल भराभर लिहिता येईल, ती तूर्त राहू देत. काहींबद्दल काही सुचणार नाही आणि त्याचं काही वाटणारही नाही, ती ओळखीच्या कुणाला देऊन टाक. उरतात ती, ज्यांच्याबद्दल एक वाक्यही धड लिहिता येत नाही, पण नाव वाचताच आत काहीतरी हलतं. त्यांच्यातली चार घे. गाजलेली घेऊ नकोस. गाजलेल्या पुस्तकाबद्दल आपल्याला जे आठवतं ते बऱ्याचदा दुसऱ्यांनी बोललेलं असतं.

दुसऱ्या वाचनात काय दिसतं हे कोणी आधीच सांगितलं तर गंमत जाते. तरी एक जागा दाखवतो, कारण नुसत्या माझ्या शब्दावर तू वर्षभर थांबणार नाहीस. आपल्या भाषेत तू, तुम्ही, आपण अशी तीन माणसं एकाच माणसात राहतात. चांगला मराठी कादंबरीकार दोन पात्रांमधलं नातं बदलताना ते सांगत बसत नाही. दीडशे पानं 'तुम्ही' म्हणणारी बाई एका भांडणात, एकाच वाक्यात, 'तू' म्हणून जाते आणि पुढच्या ओळीत परत 'तुम्ही'वर येते. पहिल्या वाचनात तुला भांडण कुठे चाललंय याची घाई असते, डोळा त्या क्रियापदावरून घसरतो. दुसऱ्या वेळी भांडणाचा शेवट माहीत असतो, म्हणून 'आलात' आणि 'आलास' मधला फरक टोचतो. तिथे पेन्सिल थांबली की समज, पुस्तक आता खरं सुरू झालं. वाचनाचं सुख म्हणतात ते मला तरी याच जागी सापडतं, गोष्टीच्या शेवटाशी नाही.

पेन्सिलीचंही सांगून टाकतो. 2बी घे. एचबीने जोर द्यावा लागतो आणि पातळ कागदाच्या मागच्या बाजूला वळ उठतात. हायलायटर नको, त्याची शाई पलीकडे उतरते आणि शिवाय त्याने माणूस अख्खं पान रंगवतो. पान रंगवणं म्हणजे निवड न करणं. ओळीखाली रेघ ओढू नकोस, समासात उभी छोटी रेघ ओढ. दुसऱ्या वाचनात रेघ नाही, ठिपका. म्हणजे तिसऱ्यांदा उघडशील तेव्हा कोणती जागा कधी थांबवून गेली ते दिसेल. पहिल्या वेळच्या अर्ध्या रेघा तुला बावळट वाटतील. खोडू नकोस. शेवटच्या कोऱ्या पानावर आकडा आणि तीन-चार शब्द: "112 – विहिरीवरचं बोलणं". पुस्तकाला वीसपेक्षा जास्त नोंदी झाल्या तर तू निवडणं सोडलं आहेस.

ग्रंथालयाच्या पुस्तकावर यातलं काही करायचं नाही. कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून ठेव, आकडे पट्टीवर लिही, परत करताना पट्टी काढून वहीत चिकटव. आणि ग्रंथालय लावच, ते स्वस्त पडतं एवढ्यासाठी नव्हे. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या लहान निघतात, बरीच पुस्तकं संपली की परत छापली जात नाहीत. ती राहतात जुन्या वाचनालयांत. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं. दुकानात नाही म्हणून पुस्तक नाहीच असं धरून चालू नकोस, तालुक्याच्या वाचनालयातही मागचं कपाट उघडून मागायची लाज धरू नये. विकत कोणतं घ्यायचं याचा नियम मात्र एकच: जे दुसऱ्यांदा घरी आणावंसं वाटलं ते. हा नियम पाळलास तर पैसे वाचतील, आणि कपाट बघून माणूस ओळखता येईल.

विकत आणलंस की पहिल्याच दिवशी मधोमध उघडून दाबू नकोस. आजकाल बहुतेक पुस्तकं शिवलेली नसतात, पाठीला गोंद असतो. दाबलं की गोंद तिथेच तडकतो आणि दुसऱ्या वाचनाच्या आत पानं सुटतात. पाठ टेबलावर टेकव, पुढून दहा-बारा पानं उघडून हलका हात फिरव, मग मागून तेवढीच, असं करत मध्यापर्यंत ये. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं वाचन फसतंही. का फसतं ते सांगतो. मुख्य कारण घाई. कथानक माहीत असतं म्हणून डोळा परिच्छेदाच्या टोकाला उडी मारतो आणि तू सात दिवसांचं पुस्तक दोन दिवसांत "परत वाचलं" म्हणतेस. त्यावर उपाय: सुरू करण्याआधी पट्टीवर एक प्रश्न लिही. एकच. "हे सांगणारा माणूस कधी कधी खोटं बोलतोय का?" किंवा माहितीपर असेल तर "याचा पुरावा कोणत्या पानावर आहे?" प्रश्न असला की डोळा चालतो, धावत नाही. तरीही धावला, तर मोठ्याने वाच. बोलीतल्या कादंबऱ्यांना तर हा उपाय पहिल्या वाचनातही लागतो. पुस्तकी मराठीत वाढलेल्यांचा डोळा बोलीभाषेच्या संवादांवर अडखळतो आणि वीस पानांत ते पुस्तक मिटतात. पहिली दहा पानं मोठ्याने वाच, कान पकडतो ते, डोळ्याला जमत नाही. फोन शेजारच्या खोलीत ठेव, हे तुला सांगायला नको.

कधी दुसऱ्या वाचनात पुस्तक मनातून उतरतं. पहिल्यांदा भारावून गेली होतीस, आता नुसता फुगा दिसतो. ते वाचन वाया गेलं असं समजू नकोस, तो तर मोठा फायदा. त्या पुस्तकात काय पोकळ होतं हे कळलं, आणि तेव्हा तू कशाने भारावत होतीस तेही.

मला लोक म्हणतात की तेच तेच वाचतो, नवीन काही माहीत नसतं. म्हणू देत. नवीन न वाचल्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते तरुणपणी तुझ्यासारखंच मोजत बसलो त्याचं. तेव्हा वाचलेल्या शेकडो पुस्तकांची आज फक्त नावं माझी आहेत. चारचौघांत नावं टाकता येतात, पुढचा प्रश्न आला की विषय बदलावा लागतो. तू त्याच वाटेने निघालीस म्हणून माझा आवाज चढतोय, एवढं समजून घे.

आणि हे खूळ माझं एकट्याचं नाही. पारायण हा शब्द आपल्याकडे घराघरात आहे. ज्ञानेश्वरीचे 18 अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या, सप्ताहात सात दिवसांत वाचतात, म्हणजे रोज तेराशेच्या घरात. आणि पुढच्या वर्षी परत. अर्थाकडे लक्ष न देता उरकलेली पारायणंही असतात, ती मला ठाऊक आहेत, त्यांची बाजू मी घेत नाही. पण संपूर्ण पुस्तक पुन्हा हातात घ्यायचंच असतं, ही सवय तिथे आहे. 1290 च्या या ग्रंथाच्या प्रतींत तीनशे वर्षांत नकलून नकलून चुका शिरल्या होत्या. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्याचा पाठ शुद्ध केला. चुकलेली ओवी एकदा वाचणाऱ्याला सापडत नाही. ती खटकायला आधीची ओवी कानात बसलेली असावी लागते.

आता कामाचं. या शनिवारी यादी घेऊन बस, 41 पुस्तकं, दोन-दोन मिनिटं, दीड तासात होईल. तीन ढीग कर आणि निवडलेल्या चारांची नावं मला कळव. का निवडली ते लिहू नकोस, तुला अजून ते माहीत नसणार.

आशीर्वाद.

ता. क. तुझ्या यादीतलं एकोणिसावं पुस्तक मी वाचलेलं नाही. तुझं दुसऱ्यांदा वाचून झालं की पाठव. समासातल्या खुणांसकट.