स्ट्रोकनंतर अमेरिकेत डिसॅबिलिटीचा अर्ज करावा का? ग्रीन कार्डला धोका आहे का, आणि पुन्हा थोडं काम केलं तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका ताईंच्या यजमानांना (वय ४६) मार्च २०२५ मध्ये ब्रेन स्ट्रोक झाला. उजवा हात अजून नीट चालत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. अकरा वर्षं आयटीत नोकरी झाली, ग्रीन कार्ड दोन वर्षांपूर्वीचं, मुलं दोन. कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स सप्टेंबरअखेर संपतोय. डिसॅबिलिटी घेतली तर पुढे नागरिकत्वाच्या वेळी 'सरकारी मदत घेतली' असा ठपका बसेल का, आणि बरं वाटल्यावर अर्धवेळ काम केलं तर पैसे बंद होतील का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, 'सरकारी मदत' हा शब्द आधी डोक्यातून काढा. यजमानांची जुनी पे-स्टब काढून बघा. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शन-विमा योजनेचे, ६.२ टक्के कापलेले दिसतील. काही कंपन्यांच्या पे-स्टबवर तिथे 'ओएएसडीआय' लिहिलेलं असतं, आणि त्यातला 'डी' म्हणजे डिसॅबिलिटी. तेवढेच ६.२ टक्के कंपनीनेही भरलेत. अकरा वर्षं हप्ते भरलेला हा विमा आहे. गाडी ठोकली तर क्लेम करताना कुणी लाजत नाही.

ठपक्याचं म्हणाल, तर एसएसडीआय आणि एसएसआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी भीती त्यांच्या गल्लतीतून आलेली असते. एसएसडीआय म्हणजे वर सांगितलेला डिसॅबिलिटी विमा, तो कापलेल्या टॅक्सवर मिळतो. 'पब्लिक चार्ज'मध्ये, म्हणजे माणूस सरकारवर भार होईल का या इमिग्रेशनच्या निकषात, ते धरत नाहीत, नागरिकत्वाच्या अर्जालाही त्याने बाधा येत नाही. एसएसआय ही गरिबांसाठीची रोख मदत आहे आणि ती पब्लिक चार्जमध्ये धरली जाते. पण तुम्हाला ती मिळण्यातलीच नाही: १९९६ च्या कायद्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांना सहसा पहिली पाच वर्षं ती बंद असते, आणि जोडप्याकडे ३,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही (राहतं घर आणि एक गाडी सोडून). ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे. एसएसडीआयला बँकेत किती पैसे आहेत, बायको किती कमावते, हे कुणी विचारत नाही.

हे इतकं ठासून लिहितोय, कारण असे अर्ज भरायला मदत करताना एक फाइल हाताखालून गेली आणि ती विसरता येत नाही. गृहस्थ इंजिनिअर. स्ट्रोक जून २०१९ मध्ये. सोशल सिक्युरिटीकडे अर्ज जून २०२२ मध्ये. मधली तीन वर्षं का गेली? तर मित्रमंडळातल्या जाणत्या लोकांनी सांगितलं, 'आपण टॅक्स भरणारी माणसं, वेल्फेअरवर जाणारी नव्हे.' घर बचतीवर चाललं. आता नियम बघा. अपंगत्व आल्यापासून पाच पूर्ण महिने काही मिळत नाही, सहाव्यापासून हक्क सुरू होतो. म्हणजे त्यांचा हक्क डिसेंबर २०१९ पासून होता. पण मागची बाकी अर्जाच्या तारखेआधी जास्तीत जास्त १२ महिन्यांचीच मिळते. त्यामुळे हक्क धरला गेला जून २०२१ पासून. दीड वर्षाचे पैसे कायमचे गेले. मेडिकेअर, म्हणजे सरकारी हेल्थ इन्शुरन्स, त्या हक्काच्या तारखेनंतर २४ महिन्यांनी सुरू होतं, तेही डिसेंबर २०२१ ऐवजी जून २०२३ ला आलं. सल्ला देणाऱ्यांपैकी कुणाच्या खिशाला काही तोशीस पडली नाही.

तरीही पैशापेक्षा वाईट होतं ते फाइलमध्ये. अर्ज गेला की अपंगत्व तपासणारं राज्याचं डीडीएस नावाचं ऑफिस एक दहा पानी फॉर्म पाठवतं, ३३७३ नंबरचा. दिवस कसा जातो, स्वयंपाक करता का, कपडे धुता का, किती चालता, किती वेळ लक्ष लागतं, असं सगळं त्यात विचारतात. स्वयंपाकाच्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'हो, सकाळचा चहा मीच करतो.' एका ओळीत. अभिमानाने. नकाराच्या पत्रात तीच ओळ होती, दैनंदिन कामं स्वतः करतात म्हणून. जोडीला डॉक्टरांच्या नोंदी. दर भेटीत डॉक्टर विचारायचे, कसं काय? हे म्हणायचे, बरं आहे. डॉक्टर लिहायचे, पेशंट बरा आहे, तक्रार नाही. तीन वर्षांची तीच नोंद. आपल्याकडे 'बरं आहे' म्हणायची रीत आहे, पण फाइल वाचणाऱ्याला रीत कळत नाही, त्याला कागद कळतो.

तो चहा खरा कसा व्हायचा, ते पत्नीने नंतर सांगितलं. दुधाच्या जगचं झाकण दोन मांड्यांत जग धरून डाव्या हाताने काढायचं. साखरेचे चमचे मोजताना आकडा हरवायचा, म्हणून त्या रात्रीच वाटीत साखर काढून ठेवायच्या. गॅसचा बर्नर दोनदा तसाच चालू राहिला, तेव्हापासून चहा होईपर्यंत त्या शेजारी उभ्या राहायच्या. दोन कपांना पंचवीस मिनिटं. त्यानंतर अर्धा तास पडून राहावं लागायचं. हे सगळं दुसऱ्या फेरीत, म्हणजे रिकन्सिडरेशनमध्ये, तसंच्या तसं लिहिलं. तरी तिथे नकारच आला, आणि पुढे जजसमोरच्या हिअरिंगमध्ये क्लेम पास झाला. पहिल्या फेरीत निम्म्याहून बरेच जास्त अर्ज फेटाळले जातात, तेव्हा नकाराचं पत्र आलं म्हणून पुन्हा नवा अर्ज करू नका. ६० दिवसांच्या आत अपील करा. नव्या अर्जाने जुनी तारीख हातची जाते.

आता तुमच्या केसकडे. कायद्याची व्याख्या कडक आहे: किमान १२ महिने टिकणाऱ्या (किंवा जीवघेण्या) आजारामुळे कुठलंही 'भरीव' काम करता न येणं. आपलं जुनं काम जमत नाही एवढं पुरत नाही. ४६ वय त्यांच्या लेखी तरुण आहे. ५० आणि ५५ ला नियम सैल होत जातात, त्याआधी बसून करायचं साधं अकुशल कामसुद्धा जमत नाही हे दाखवावं लागतं. ते काम तुमच्या गावात आहे का, कुणी नोकरीला घेईल का, याचा विचार करत नाहीत. पण इथेच उजव्या हाताचं महत्त्व आहे. बसून करायच्या अकुशल कामांपैकी बहुतेकांना दोन्ही हातांची चपळाई लागते, आणि हे सोशल सिक्युरिटीच्या स्वतःच्या नियमपुस्तकात मान्य केलेलं आहे. म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून दोन्ही हातांच्या पकडीचं माप आणि नऊ खुंट्यांच्या चाचणीला (खुंट्या एका हाताने भोकांत घालून काढायच्या) लागलेले सेकंद लेखी घ्या. बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्टचा रिपोर्ट घ्या, तोही आकड्यांत. स्ट्रोकच्या निकषात लक्षणं किमान तीन महिने टिकलेली हवीत, त्यामुळे जुलैनंतरच्या तपासण्या फाइलमध्ये असायलाच हव्यात.

डॉक्टरांकडून 'पेशंट पूर्णपणे अपंग आहे' असं पत्र आणायला लोक धावतात. त्याची किंमत शून्य. अपंग आहे की नाही हे ठरवणं सोशल सिक्युरिटीचं काम आहे, त्या वाक्याला ते वजनच देत नाहीत. डॉक्टरांनी लिहायला हवं ते असं: सलग किती मिनिटं बसू शकतात, उजव्या हाताने किती पौंड उचलतात, आठ तासांतला किती वेळ लक्ष उडालेलं असतं, महिन्यात किती दिवस कामावर येऊ शकणार नाहीत. हिअरिंगला व्होकेशनल एक्सपर्ट, म्हणजे नोकऱ्यांचा जाणकार, बसतो, त्याला जज हेच आकडे विचारतात. लक्ष साधारण १५ टक्के वेळ उडतं किंवा महिन्याला दोनहून जास्त खाडे होतात म्हटलं, की अशी नोकरी नाही असंच उत्तर बहुतेक वेळा येतं.

इन्शुरन्सचं मात्र आजच बघा. कोब्रा म्हणजे नोकरी सुटल्यावर कंपनीचाच इन्शुरन्स स्वतःच्या खर्चाने चालू ठेवायची सोय. ती १८ महिने चालते, हप्ता प्लॅनच्या पूर्ण खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत. सप्टेंबरअखेर कव्हरेज संपलं तर कोब्रा मार्च २०२७ पर्यंत. तुमची पाच महिन्यांची वाट एप्रिल ते ऑगस्ट, हक्क सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे मेडिकेअर सप्टेंबर २०२७ ला. मध्ये पाच महिने उघडे. त्यावर तोड आहे: कोब्राच्या पहिल्या ६० दिवसांत यजमान अपंग होते असं सोशल सिक्युरिटीने ठरवलं, तर कोब्रा सगळ्या कुटुंबाला २९ महिन्यांपर्यंत मिळतं. पण त्या निर्णयाचं पत्र आल्यापासून ६० दिवसांत आणि १८ महिने संपायच्या आत प्लॅनला लेखी कळवावं लागतं. वाढीव ११ महिन्यांना हप्ता १५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. निर्णय १८ महिन्यांत हातात यायचा, तर अर्ज याच महिन्यात गेला पाहिजे.

कंपनीची लाँग टर्म डिसॅबिलिटी पॉलिसी असेल तर तीही काढून वाचा. बहुतेक पॉलिसी पगाराच्या ६० टक्के देतात, पण एसएसडीआय मिळालं की तेवढी रक्कम वजा करतात. मागची बाकी एकरकमी आली की ती परत मागतात, म्हणून त्या पैशाला हात लावू नका. पहिली दोन वर्षं बहुधा 'तुमचं स्वतःचं काम' जमत नाही हे पुरतं, त्यानंतर 'कुठलंही काम' असा निकष लागतो, आणि नेमके तेव्हाच चेक थांबतात. मुलं १८ च्या आतली असतील तर त्यांची नावं अर्जात घाला. मुलांना आणि १६ खालच्या मुलाला सांभाळणाऱ्या आईलाही वेगळा भत्ता असतो (तुमचा पगार असेल तर तुमचा भाग त्यामुळे कमी होतो), घराच्या एकूण कमाल मर्यादेत. हे विचारलं नाही तर राहून जातं.

पुन्हा काम केलं तर? 'एक डॉलर कमावलास तर सगळं बंद' हे जे सांगतात ते चूक सांगतात, आणि त्या भीतीने जमणारी माणसंही घरी बसून राहतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या अपंगांपैकी २२.५ टक्के कामावर होते, बाकीच्यांपैकी ६५.८ टक्के. अपंगांमध्ये म्हाताऱ्यांचं प्रमाण मोठं आहे हे खरं, पण हेच एक कारण नाही. एसएसडीआय सुरू झाल्यावर नऊ महिने 'ट्रायल वर्क'चे मिळतात, कितीही कमवा, पूर्ण रक्कम चालू राहते. २०२५ मध्ये ज्या महिन्यात १,१६० डॉलरपेक्षा जास्त कमाई होते तो महिना मोजला जातो, पाच वर्षांत असे नऊ. त्यानंतरच्या ३६ महिन्यांत कमाई १,६२० डॉलरच्या ('भरीव' कामाची रेषा हीच) वर गेली तर त्या महिन्याचे पैसे नाहीत (पहिल्या वेळी तो महिना आणि पुढचे दोन मात्र मिळतात), खाली आली तर पुन्हा मिळतात. ही रक्कम टॅक्स कापायच्या आधीची. आजारामुळे कामासाठी करावा लागणारा खर्च त्यातून वजा होतो, पावत्या ठेवा. सगळं बंद झालं तरी पाच वर्षांत तोच आजार उलटला तर नवा अर्ज न करता पुन्हा सुरू करता येतं. मेडिकेअर तर ट्रायल वर्कनंतर किमान ९३ महिने राहतं.

हे लोकांच्या अंगाशी येतं ते एकाच कारणाने: पगार कळवत नाहीत. दर महिन्याला ऑनलाइन खात्यावर कळवा आणि पोचपावती जपा. नाहीतर दोन-तीन वर्षांनी जादा दिलेल्या हजारो डॉलरच्या वसुलीचं पत्र येतं. आणि एक सांगायचं राहिलं: ही सवलत क्लेम पास होऊन हक्क सुरू झाल्यानंतरची. अर्ज लटकलेला असताना १,६२० च्या वर कमवलं तर नकार ठरलेला.

आकडे २०२५ चे आहेत, दर जानेवारीत बदलतात. रक्कम पगाराच्या इतिहासावर ठरते, सरासरी महिन्याला साधारण १,५८० डॉलर, आयटीवाल्याला बरीच जास्त. वकील केलात तर फी जिंकल्यावरच, मागच्या बाकीच्या २५ टक्के किंवा ९,२०० डॉलर, जे कमी असेल ते. हिअरिंगपर्यंत गेलं तर जरूर करा.

डीडीएस त्यांच्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावेल, ती चुकवू नका. तिथे मराठी दुभाषा मागा, सोशल सिक्युरिटी तो फुकट देते. स्ट्रोकनंतर कुणाचं इंग्रजी जास्त जातं, कुणाचं मराठी. यजमान घरात तुमच्याशी मराठीत बोलताना कुठे अडतात, कोणते शब्द सापडत नाहीत, वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागतो, हे आठवडाभर तारखेनिशी वहीत लिहा आणि ती वही स्पीच थेरपिस्टला दाखवून फाइलला लावा.