‘डेअर’ची जुनी सीडी एवढ्यात कुणाला देऊ नका

ह्यूमन लीग या ब्रिटिश बँडच्या ‘डेअर’ या अल्बमची रीमास्टर केलेली, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्याने संस्कार करून काढलेली, आवृत्ती पहिल्या दिवशी जुन्या सीडीपेक्षा सरस वाटली, आता मात्र ती अर्ध्यावरच बंद करावीशी वाटते, असे तुम्ही लिहिले आहे, आणि कपाटात जागा नसल्यामुळे जुनी सीडी देऊन टाकावी का, असे विचारले आहे. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते आणि मी ती देऊन टाकली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी ती जुनी सीडी मी इंग्लंडमध्ये शेफिल्डला शिकत असताना तिथल्याच एका दुकानातून वापरलेली घेतली होती. हा बँड त्याच शहराचा. १९८० साली बँडचा गायक फिलिप ओकी याने ज्या दोन शाळकरी मुलींना तिथल्या एका नाइटक्लबमध्ये पाहून बँडमध्ये घेतले, त्यांच्यापैकी सुझन अ‍ॅन सली हिने त्याच्यासोबत गायलेले ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ १९८१च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. पुण्यात परतल्यावर अनेक वर्षांनी, सोबत ‘लव्ह अँड डान्सिंग’ हा याच गाण्यांच्या रीमिक्सचा अल्बम असलेली रीमास्टर आवृत्ती मी हौसेने मागवली. एका रविवारी संध्याकाळी अ‍ॅम्प्लिफायरचे बटण होते तिथेच ठेवून दोन्ही सीडी पाठोपाठ ऐकल्या. नवी भरदार, मोकळी आणि जवळची वाटली. अर्ध्या तासात निर्णय झाला आणि त्याच आठवड्यात जुनी सीडी एका दुकानदाराला दुसऱ्या डिस्कच्या बदल्यात देऊन आलो.

चूक झाली ती त्या न हलवलेल्या बटणामुळे. नवी डिस्क मुळातच बऱ्याच मोठ्या आवाजात भरलेली होती, आणि थोडा मोठा आवाज आपल्या कानाला ‘चांगला’ आवाज वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो. पातळी वाढवली की तो आपोआप भरून आल्यासारखा वाटतो. मी दोन मास्टरिंगची, म्हणजे गाण्यांवर शेवटी केलेल्या ध्वनिसंस्कारांची, तुलना केलीच नव्हती; लहान आणि मोठ्या आवाजाची केली होती.

या अल्बमला असा आवाज चढवण्याची झळ जास्त बसते, असे माझे ठाम मत आहे. निर्माता मार्टिन रशंटने यातले ताल लिन एलएम-१ या ड्रम मशीनवर बसवले. त्या यंत्रातले ठोके आखूड आणि टोकदार आहेत, आणि त्यात क्रॅश किंवा राइड सिंबल नसल्यामुळे दोन ठोक्यांमधली जागा झांजेच्या लांब गुंजनाने भरली जात नाही. एकूण पातळी वर चढवताना लिमिटर, म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडचा आवाज दाबणारे उपकरण, सर्वांत आधी छाटतो ती याच ठोक्यांची टोके. ‘सेकंड्स’ हे केनेडींच्या हत्येवरचे गाणे ऐका: ठोका अंगावर यायला हवा, तो सिंथेसायझरच्या थरात बुडून जातो. चौथ्या गाण्यापर्यंत कान थकतात आणि का थकले ते कळत नाही. मला ते कळायला तीन आठवडे लागले.

मग दुकानात धाव घेतली. सीडी विकली गेली होती. कुणी नेली, निदान एखादा फोन नंबर तरी, असे विचारल्यावर नोंद ठेवत नसल्याचे सांगून त्यांनी पाठ फिरवली. समोरच्या वहीत मात्र नावे लिहिलेली मला दिसत होती. त्यानंतर परदेशातून दुसरी प्रत मागवली. जाहिरातीत फोटो जुन्या प्रतीचा होता आणि पाकिटातून निघाली रीमास्टर. टपालखर्च आणि जकात मिळून डिस्कच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले, आणि विक्रेत्याने तीन पत्रांपैकी एकालाही उत्तर दिले नाही. म्हणून वापरलेली सीडी घेताना डिस्कच्या खालच्या बाजूला, मधल्या छिद्राभोवती कोरलेल्या क्रमांकाचा फोटो मागा. जो विक्रेता असा फोटो देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

तुम्ही आता एवढेच करा. दोन्ही सीडी संगणकावर उतरवून घ्या, रीप्लेगेन (फाइलींचा आवाज मोजून तो सारखा करणारी सोय) लावून दोन्हींची पातळी सारखी करा आणि मगच ऐका. हाताने करणार असाल तर मोठी फाइल खाली आणा, लहान फाइल वर चढवू नका. जुन्या प्रतीची फाइल विचित्र किरटी आणि कर्कश वाटली, तर डिस्कवर प्री-एम्फसिस आहे का ते पाहा. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर वरचे स्वर मुद्दाम उचलून भरलेले असत. सीडी प्लेअर ते आपोआप खाली आणतो, संगणकावर उतरवलेल्या फाइलमध्ये बऱ्याचदा ते तसेच राहतात.

मी ध्वनिअभियंता नाही, माझ्या कानांचेही वय झाले आहे आणि तुमचे स्पीकर मी ऐकलेले नाहीत. त्यामुळे पातळी सारखी केल्यावरही तुम्हाला नवीच आवडली, तर माझा आग्रह नाही. जुनी सीडी म्हणजे ‘मूळ’ असाही माझा दावा नाही, कारण हा अल्बम ऑक्टोबर १९८१मध्ये आला आणि सीडी हे माध्यमच बाजारात यायला त्यानंतर एक वर्ष लागले. नवी आवृत्तीही टाकाऊ नाही. रशंटने १९८२ साली याच गाण्यांचे तुकडे नव्याने जोडून जो केला, त्या ‘लव्ह अँड डान्सिंग’साठी मी ती आजही लावतो.

जुन्या डिस्कवरचा तो कोरलेला क्रमांक इथे लिहा; माझ्या हातून गेली तीच छपाई ती आहे का, ते मला लगेच सांगता येईल.