गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ फ्लॅट घेणं धोक्याचं आहे का? 2002 साली तिथे नौदलाची दोन विमानं कसरती करताना आदळली होती ना?

"कसरती" हा शब्द वाचला म्हणून उत्तर लिहायला बसले. कसरती नव्हत्या त्या.

1 ऑक्टोबर 2002, मंगळवार. पितृपक्ष चालू होता आणि दाबोळीशेजारच्या चिखलीला आमच्या घरी आजीचा म्हाळ होता. बाबा आयएनएस हंसावर, म्हणजे दाबोळीच्या नौदल हवाई तळावर, सिव्हिलियन कामगार. तिथल्या 315 स्क्वाड्रनला, म्हणजे नौदलाच्या इल्युशिन आयएल-38 विमानांच्या तुकडीला, त्या दिवशी पंचवीस वर्षं पूर्ण होत होती, त्यामुळे सकाळी विमानं सलामीला उडणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी खिरीसाठी नारळ खवत होते. इल्युशिनची ती चार पंख्यांची घरघर आमच्या कानांना इतकी सवयीची की ऐकूही यायची नाही. ती तुटली तेव्हा ऐकू आली. मग दणका. मागच्या दारी धावले तर माडांच्या शेंड्यांवर काळा धूर, आणि नैवेद्याची वाट बघत बसलेले कावळे सगळे एकदम उडालेले. सलामीला उडालेली दोन आयएल-38 एकमेकांवर आदळली होती, आतले बाराही जण गेले. खाली जमिनीवरचीही माणसं गेली.

बाबा रात्री अकराला आले. पानावर बसले नाहीत, नुसतं ताक मागितलं. आमचे आतोबा जेवायला आले होते ते अजून थांबलेले. म्हणाले, "मिरवायला गेले नि मेले." बाबांनी पेला तसाच खाली ठेवला आणि सोप्यात जाऊन बसले. आतोबांशी पुन्हा कधी ते मोकळेपणी बोलले नाहीत.

आयएल-38 म्हणजे सुमारे 40 मीटर लांबीचं, समुद्रात पाणबुड्या हुडकणारं विमान. त्यात कोणी कोलांट्या मारत नाही. दोन विमानं शेजारी-शेजारी नेणं हीसुद्धा शिकण्याची, सरावाची गोष्ट असते, आणि एवढ्या मोठ्या विमानांत थोडी चूकही पुरते. नौदलाचं मिग-29के हे लढाऊ विमान 2019 साली वेर्ण्याला पडलं तेव्हा दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन, म्हणजे सीटसकट बाहेर फेकले जाऊन, वाचले. आयएल-38 ला इजेक्शन सीटच नसते. त्या बारा जणांना उडी मारायची सोयच नव्हती. नौदलाकडे अशी पाचच विमानं होती. उरलेल्या तिघांच्या जोडीला पुढे रशियाकडून आणखी दोन आली, आणि 2023 पर्यंत आयएल-38 नौदलात उडत राहिली.

आतोबा आजही लग्नाकार्यात तेच वाक्य बोलतात. आता बाबा नाहीत, म्हणून मी उत्तर देते: ज्यांची नावं तुम्हाला ठाऊक नाहीत त्यांच्या हौशीबद्दल बोलू नका.

बाबा तिथे नोकरीला होते, त्यामुळे माझं मत एका बाजूचं असेल. शिवाय टक्कर मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, मी स्वयंपाकघरात होते. फ्लॅटचं म्हणाल तर आम्ही अजून चिखलीलाच राहतो. भीती नाही वाटत, आवाजाचा त्रास मात्र खरा. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जाऊन गॅलरीत तासभर उभे राहा, मिग उडताना फोनवर बोलून बघा, मग टोकन द्या.