ज्युरीत शीट लाल झाली, आता आर्किटेक्चर सोडू का?

मी समुपदेशक आहे. बी.आर्क.च्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुलं दर सेमिस्टरच्या शेवटी माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. शब्द थोडेफार वेगळे असतात, पण गाभा तोच: ‘मला डिझाइन येत नाही, बाकीच्यांना येतं. मी चुकीच्या कोर्सला आलोय.’ आईवडिलांचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘लहानपणापासून चित्रकला इतकी छान, मग इथेच असं कसं झालं?’

त्यातली एक केस इथे लिहिते आहे. मुलीची आणि घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव मुद्दाम देत नाही.

मुलगी ठाण्याची, घर चरईत. कॉलेज नवी मुंबईत, म्हणजे रोज ट्रान्स हार्बर लोकल, खांद्याला शीटची नळकांडी, आणि सबमिशन असलं की मांडीवर मॉडेल. आई तिला घेऊन आल्या तेव्हा ज्युरी, म्हणजे वर्गासमोर आपलं डिझाइन परीक्षकांना दाखवण्याची परीक्षा, होऊन गेली होती आणि त्यानंतर ती कॉलेजकडे फिरकलीच नव्हती. फोन बंद. मैत्रिणी घरी येऊन गेल्या तर बाथरूममध्ये जाऊन बसली.

सुरुवातीला मी झोप, जेवण विचारते आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारते. पालक हा प्रश्न विचारायला घाबरतात, विचारलं तर डोक्यात नको ते येईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. ही म्हणाली, ‘तसं काही नाही मॅडम. फक्त कॉलेजचं नाव काढलं की पोटात गोळा येतो.’ सबमिशनच्या आधी बरेच दिवस ती रात्री जेमतेम तीन-चार तास झोपत होती. शेवटच्या रात्री तर झोपलीच नव्हती, सकाळी सहाला सनबोर्डच्या भिंती चिकटवत होती. बोटाला कटर लागल्याची खूण अजून होती.

प्रोजेक्ट होता एका छोट्या सार्वजनिक वाचनालयाचा, साइट तलावपाळीला, मासुंदा तलावाच्या पूर्वेच्या काठावर. हिने तलावाकडची अख्खी भिंत काचेची केली होती. वाचता वाचता मान वर केली की समोर पाणी, अशी कल्पना. ज्युरीला बाहेरून आलेल्या आर्किटेक्टनी शीट पाहिली, लाल मार्करने पश्चिमेकडून एक मोठा बाण काढला, जिन्याभोवती गोल केला, ‘जिना मध्ये येतोय’ म्हणाले आणि विचारलं, ‘दुपारी चार वाजता इथे कोण बसणार?’ मग, ‘साइटला दुपारी गेली होतीस का? सेक्शन कुठे आहे?’ (सेक्शन म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं दाखवणारं ड्रॉइंग.) आणि ‘नेक्स्ट’. मॉडेलकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘सगळ्यांसमोर त्यांनी मला सांगितलं की मला काही येत नाही,’ ती म्हणाली.

ती शीट तिने फेकून दिली नव्हती. मी पुढच्या वेळी घेऊन यायला सांगितली. टेबलावर ती ए-वन शीट अंथरली तेव्हा माझ्या चहाच्या कपालाही जागा उरली नाही. एका कोऱ्या कागदावर मी मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला ज्युरीतले ते सर जे बोलले ते, शब्दाला शब्द. उजव्या बाजूला तिला जे ऐकू आलं ते. डावीकडे चार ओळी झाल्या: चार वाजता कोण बसणार, जिना मध्ये येतोय, दुपारी गेली होतीस का, सेक्शन कुठे आहे. उजवी बाजू खालपर्यंत भरली: हिला काही कळत नाही, हिला ॲडमिशन कशी मिळाली, वर्ग हसतोय, बाबांचे पैसे वाया, मी मठ्ठ आहे.

तिने दोन्ही बाजू वाचल्या आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी म्हणाले, ‘मला आर्किटेक्चरमधलं कळत नाही. ही डावीकडची पहिली ओळ मला समजावून सांग. चार वाजता का नाही बसायचं?’

तिथून पुढे ती मुलगी वेगळीच बोलायला लागली. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला खाली उतरतो, ऊन आडवं येतं. वर छज्जा काढून उपयोग नाही, ऊन त्याच्या खालून आत शिरतं. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा छज्जा चालतो. चार वाजता नाही. पावसाळ्यात वारा आणि पाऊसही त्याच बाजूने येतात, म्हणजे काच उघडली की पुस्तकं भिजणार. मग उभ्या पट्ट्या लावायच्या का? पण मग तलाव दिसणार नाही. बोलता बोलता तिने बॅगेतून बटर पेपरचा गुंडाळा काढला, शीटवर पसरला आणि पेन्सिलीने रेघा ओढायला सुरुवात केली. आधी पुस्तकांची कपाटं पश्चिमेला सरकवली, मग स्वतःच ‘नको, उन्हाने पानं पिवळी पडतील’ म्हणून खोडली. जिना त्या बाजूला नेऊन पाहिला. आणि मग भिंत आत घेऊन बाहेर एक खोल व्हरांडा काढला.

‘हे कांचनजंगासारखं झालं,’ ती म्हणाली. मला कळलं नाही तसं तिनेच सांगितलं. कंबाला हिलवरची आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची ती उंच इमारत, 1983 मध्ये पूर्ण झालेली. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण कडक ऊन आणि पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा घेऊन हा तिढा सोडवला होता. कोरियांनी तीच युक्ती उंच इमारतीत वापरली, घरांना दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. म्हणजे लाल बाण मारून सरांनी तिला जो प्रश्न विचारला होता, तो या शहरातल्या प्रत्येक आर्किटेक्टला पडलेला आहे. तिच्या अकलेची झडती त्यात नव्हती.

ज्याला विषयच नकोसा झालाय त्याचा हात असा चालत नाही. त्या दिवशी मला एवढं नक्की कळलं की हिचं भांडण आर्किटेक्चरशी नाही.

मग मी विचारलं, ‘हा प्लॅन ज्युरीच्या आधी तुमच्या स्टुडिओच्या सरांना किती वेळा दाखवला होतास?’

सुरुवातीला कॉन्सेप्ट दाखवली होती. मधले सगळे आठवडे ती स्टुडिओत हजर होती, पण डिस्कशनसाठी नंबर आला की सांगायची, ‘सर, अजून रेडी नाही.’ घरी रात्र-रात्र काम चालायचं. नीट झाल्याशिवाय दाखवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. आणि नीट झालंय असं तिला शेवटपर्यंत वाटलं नाही.

अशा मुलांमध्ये हे मला पुन्हा पुन्हा दिसतं. ती आळशी नसतात, बहुतेक वेळा वर्गातली सगळ्यांत जास्त राबणारी असतात. पण त्यांचं काम कुणी बघितलेलं नसतं. बारावीपर्यंत आपण त्यांना हेच शिकवतो: उत्तर पक्कं आल्यावरच हात वर कर, रफ काम मागच्या पानावर, पेपर नीटनेटका. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला ए ग्रेड मिळते ती पूर्ण केलेल्या चित्राला. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षाही त्या त्या दिवशी जे उतरतं त्यावर. आणि मग ही मुलं अशा वर्गात येतात जिथे शिकवण्याची पद्धतच अर्धवट कामावर उभी आहे. शिक्षक तुमच्या कच्च्या प्लॅनवर बटर पेपर टाकतात, त्यावर रेघ मारतात, तुम्ही तो घरी नेऊन बदलता, पुन्हा आणता. गाणं शिकणारी मुलगी घरी लपून रियाज करून थेट मैफलीतच गुरूंसमोर बसली तर काय होईल, तसं हिचं झालं होतं. चार वाजताचं ऊन तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी पेन्सिलीने दाखवलं असतं तर ती दोन दिवसांची दुरुस्ती होती. ज्युरीत तेच लाल मार्करने, सगळ्यांसमोर आणि बदलायला वेळ संपल्यावर आलं.

आमचं काम मग याच एका गोष्टीवर चाललं. दर डिस्कशनला काहीतरी न्यायचं, पेन्सिलीतच, आणि मुद्दाम अपुरं. पहिल्यांदा तिने मला सांगितलं की हात थरथरत होते. सरांनी जे सांगितलं ते लगेच वहीत त्यांच्याच शब्दांत लिहायचं, आपला अर्थ त्यात घालायचा नाही. ज्युरीत मैत्रिणीने हिच्या कमेंट्स उतरवायच्या, हिने तिच्या. कारण समोर उभं असताना मेंदू निम्मं ऐकतो आणि उरलेलं स्वतः रचतो. सबमिशनची तारीख धरून उलटं मोजायचं: प्रिंट कधी, मॉडेल कधी, आणि त्याआधी कोणत्या दिवशी डिझाइन फ्रीझ. त्या दिवसानंतर कितीही चांगली कल्पना सुचली तरी ती वहीत, शीटवर नाही. झोपेच्या बाबतीत मी अजिबात सूट दिली नाही. रात्री जागण्याचा या कोर्समध्ये अभिमान मिरवला जातो, सीनियर्स ज्युनियर्सना त्याच्या गोष्टी सांगतात. पहाटे तीनला कटर चालवणाऱ्या हाताचं मला कौतुक वाटत नाही. न झोपलेल्या डोक्याला साधी टीकासुद्धा अपमान वाटते, हे तर या मुलीने स्वतःवरच पाहिलं होतं.

इथे एक गोष्ट ठामपणे लिहायला हवी. हिच्या ज्युरीतले सर रुक्ष होते, पण त्यांचा प्रत्येक शब्द इमारतीबद्दल होता. सगळीकडे तसं नसतं. मॉडेल मोडून टाकणं, मुलीच्या कपड्यांवर किंवा घरच्या परिस्थितीवर बोलणं, ‘तू शिवणकाम शीक’ म्हणणं, असलं काही घडत असेल तर तो कडकपणा नव्हे आणि मुलाने ‘मन घट्ट करून’ ते सोसायचं नाही. तारीख, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा, विभागप्रमुखांना लेखी द्या. कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, ती यासाठीच.

वडील एकदा वेगळे भेटायला आले. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेले. त्यांना हिशोब हवा होता. ‘दोन वर्षं गेली, अजून तीन. मध्येच सोडलं तर हातात काय? आणि पूर्ण केलं तर पगार किती?’ प्रश्न रास्त होते. कोर्स पाच वर्षांचा, दहा सेमिस्टर, त्यात ऑफिसमधलं ट्रेनिंग. पदवीनंतर काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केली की मगच 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. दोन वर्षांवर थांबलं तर ते नाव लावता येत नाही. सुरुवातीचे पगार कष्टांच्या मानाने कमी असतात, हे मी लपवलं नाही. पण पुढे शहर नियोजन, लँडस्केप, जुन्या वास्तूंचं जतन, इंटिरियर अशा वाटा फुटतात. आणि त्यांना मी एक विनंती केली: घरी आल्यावर ‘सर काय म्हणाले, किती मार्क दिले’ हे विचारू नका. ‘आज प्लॅनमध्ये काय बदललंस?’ एवढं विचारा आणि ती दाखवेल ते बघा. कळलं नाही तरी बघा.

सगळ्यांना मी राहा असंच सांगते असं नाही. खारघरचा एक मुलगा असाच आला होता. त्याच्या ज्युरी चांगल्या जायच्या, मार्कही होते. पण कॉलेजने बेलापूरला कोरियांचीच आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत दाखवायला नेलं, तेव्हा लहानशा चौकाभोवती सात-सात घरं मांडण्यामागचा विचार समजावला जात असताना हा बसमध्ये बसून होता. इमारत, रस्ता, माणसं तिथे कशी वावरतात, कशातच त्याला रस नव्हता. आवडायचं ते फक्त संगणकावर चित्र रेंडर करणं. सुट्टीत, झोप पुरी झालेली असताना, कसलंही सबमिशन डोक्यावर नसताना आम्ही हे पुन्हा तपासलं आणि उत्तर तेच आलं. तो ॲनिमेशनकडे गेला, आईवडिलांनी साथ दिली. त्याच्या बाबतीत सोडणं बरोबर होतं.

तपासण्याची वेळ मात्र मी नेहमी तीच ठेवते. ज्युरीच्या आठवड्यात कुणी कॉलेज सोडण्याचा अर्ज आणला तर मी तो सुट्टीपर्यंत बाजूला ठेवायला सांगते. आणि मूल आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर येत नसेल, खाणंझोपणं बिघडलं असेल, ‘मी नसतो तर बरं’ असं बोलत असेल, तर मग प्रश्न कोर्सचा राहत नाही. डॉक्टरांना दाखवायलाच हवं. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं.

ही मुलगी कॉलेजला परत गेली. पुढच्या सेमिस्टरला डिझाइनमध्ये तिला मध्यम मार्क पडले, ज्युरीत पुन्हा लाल रेघा आल्या आणि त्या दिवशी ती घरी येऊन रडलीही. दुसऱ्या दिवशी वेळेवर लोकलमध्ये होती. आता ती चौथ्या वर्षाला आहे. स्ट्रक्चर्सची एक केटी, म्हणजे मागे राहिलेला पेपर, अजून निघायची आहे. त्यासाठी रोज रात्री जेवणं झाली की वडील तिच्यासोबत बसतात. बेंडिंग मोमेंट त्यांना अजून तोंडपाठ येतं.